‘प्रॉडक्ट मॅनेजर’ची मुलाखत आणि तिची तयारी



गेल्या दिवाळीत गट ऑफिसच्या कट्ट्यावर बसलो असताना एका सभासदाने विचारले, “आमचा थोरला चार वर्षं झाली पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. पगार बरा आहे. आता म्हणतोय प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचंय, आणि त्यासाठी तीन महिने झाले रात्रीचा अभ्यास चाललाय. हातात नोकरी असताना अभ्यास कसला? आणि मॅनेजर म्हणजे बढतीच की, त्याला परीक्षा कशाला?” शेजारी बसलेल्या आणखी दोघांच्या घरीही हेच चाललेले निघाले. एकाने तर मुलीच्या क्लासच्या फीसाठी कर्ज काढायची तयारी केली होती. आपल्या कार्यक्षेत्रातील इंजिनिअर झालेली बरीच मुले-मुली आज पुणे, हैदराबाद, बंगळूरला आहेत. तेव्हा हे प्रकरण काय आहे, याचा थोडा खुलासा करावा म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट, नावात मॅनेजर असले तरी या माणसाच्या हाताखाली बहुधा कोणी नसते. मोबाईलवरचे पैसे पाठवायचे ॲप घ्या. ते लिहिणारे इंजिनिअर वेगळे, त्याचे रूप ठरवणारे वेगळे, जाहिरात करणारे वेगळे, तक्रारी ऐकणारे वेगळे. यातला कोणीही प्रॉडक्ट मॅनेजरचा नोकर नसतो. पण पुढच्या तीन महिन्यांत ॲपमध्ये काय नवे करायचे, काय करायचे नाही आणि का, हे ठरवून सगळ्यांना पटवायचे काम त्याचे. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर शेतकी अधिकारी बघा. ऊस त्याचा नाही, टोळी मुकादमाची, ट्रॅक्टर वाहतूकदाराचा, मिल चीफ इंजिनिअरच्या ताब्यात. पण गव्हाणीत ऊस नाही म्हणून ‘नो केन’ झाले की पहिला जाब त्यालाच. अधिकार थोडा, जबाबदारी सगळी.

ही कल्पना कॉम्प्युटरवाल्यांची नव्हे, साबणवाल्यांची आहे. अमेरिकेतील प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत नील मॅकेलरॉय नावाचा तरुण कॅमे साबणाचे काम पाहत होता. त्याच कंपनीच्या आयव्हरी साबणापुढे कॅमेकडे कोणी लक्ष देईना. तेव्हा १९३१ साली त्याने वरिष्ठांना टिपण लिहिले की प्रत्येक साबणामागे त्याची संपूर्ण काळजी वाहणारा एक माणूस हवा. हा गृहस्थ पुढे कंपनीचा अध्यक्ष आणि १९५७ साली अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला. सॉफ्टवेअरच्या कंपन्यांनी तीच पद्धत उचलली. गुगलने २००२ साली मरिसा मायर यांच्या पुढाकाराने नवशिक्या पदवीधरांना या कामात तयार करण्याची योजना काढली. आजचे गुगलचे प्रमुख सुंदर पिचाई २००४ मध्ये तिथे रुजू झाले ते प्रॉडक्ट मॅनेजर म्हणूनच.

आता मुलाखत. ती एका बैठकीत उरकत नाही. पहिल्यांदा फोनवर अर्धा तास, मग वेगवेगळ्या माणसांबरोबर तासा-तासाच्या चार-पाच फेऱ्या, आणि त्या बहुधा कॉम्प्युटरच्या पडद्यावर. पाठ करून म्हणायची उत्तरे तिथे चालत नाहीत, कारण बहुतेक प्रश्नांना एकच एक बरोबर उत्तर नसतेच. मुलगा विचार कसा करतो, हे समोरचा बघत असतो.

एक प्रकार अंदाजाचा. “या शहरात रोज किती कप चहा विकला जातो?” अशा थाटाचा. सभासदाच्या मुलाला याचा सराव घरबसल्या करता येतो. आपणच त्याला विचारा, रोज ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्याला वजनकाटे किती लागतील? त्याने असे म्हणत जावे: समजा ४,००० टन ट्रॅक्टर-ट्रेलरने येतो, एका खेपेला २० टन धरले तर २०० खेपा. उरलेला १,००० टन बैलगाडीने, गाडीला अडीच टन, म्हणजे ४०० गाड्या. एकूण ६०० वाहने, २४ तासांत वाटली तर ताशी २५. प्रत्येकाचे वजन दोनदा, भरलेले आणि रिकामे, म्हणजे ताशी ५० वजने. एका वजनाला तीन मिनिटे लागली तर एक काटा ताशी २० करतो. म्हणजे तीन काटे हवेत. मग त्याने स्वतःच पुढे म्हणावे की वाहने काही घड्याळाप्रमाणे येत नाहीत, रात्री-पहाटे अड्डा भरतो, तेव्हा तीनवर भागेल असे नाही. हे शेवटचे वाक्य फार मोलाचे. अंदाज थोडा चुकला तर चालतो, पण तो कशावर उभा आहे हे ठाऊक पाहिजे. विमानात चेंडू किती मावतील असली कोडी मात्र मागे पडत चालली आहेत. गुगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लाझलो बॉक यांनी २०१३ सालीच सांगून टाकले होते की त्यांचा निवडीला काही उपयोग होत नाही.

दुसरा प्रकार आकडा का घसरला याचा. “आपल्या ॲपवरील ऑर्डरी सोमवारपासून दहा टक्क्यांनी कमी झाल्या. कारण शोधा.” पुष्कळ उमेदवार इथे आपटतात, कारण ऐकल्याबरोबर “स्पर्धकाने सूट दिली असेल” असे पहिले सुचेल ते ठोकून देतात. यात आपण सभासद मंडळी त्यांचे गुरू शोभू. रिकव्हरी घसरली की आपण काय विचारतो? आधी प्रयोगशाळेचा आकडा बरोबर आहे का? मग, एकाच दिवसाची घट आहे की आठवडाभर उतरतीच आहे? एका गटाच्या उसाची की सगळ्या कार्यक्षेत्राची? हंगामाच्या सुरुवातीला कोवळ्या उसाला उतारा कमीच पडतो, तसे तर नाही? तोडलेला ऊस अड्ड्यावर दोन-दोन दिवस वाळतोय का? जळिताचा ऊस जास्त आला का? की ऊस चांगला आहे आणि मिलच रस सोडतेय? एक-एक शक्यता बाजूला काढत जायचे.

आणखी एक प्रश्न असा, जो मुरलेल्या माणसालाही सुचत नाही: मोजायची रीतच तर बदलली नाही? कारखाने बी हेवी मळीपासून इथेनॉल करू लागले, २०१८ पासून त्याला वेगळा दर मिळू लागला, आणि कागदावरचा साखर उतारा कमी दिसू लागला. ऊस बिघडला नव्हता. साखरेचा काही भाग पोत्याऐवजी टाकीत जात होता, म्हणून तर उसाचा दर ठरवताना तो हिशेबात परत धरावा लागतो. ॲपच्या बाबतीतही हुबेहूब असेच घडते. ‘ऑर्डर’ कशाला म्हणायचे याची व्याख्या कोणीतरी बदललेली असते आणि बाकीचे गिऱ्हाईक कुठे गेले म्हणून शोधत बसतात. आपल्या मुलाने मुलाखतीत हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारला तर समोरचा सरसावून बसेल.

तिसरा प्रकार नवी वस्तू आखण्याचा किंवा असलेली सुधारण्याचा. इथे माझ्या पुतणीचा अनुभव सांगतो. तिला पहिल्याच कंपनीत विचारले, “म्हाताऱ्या माणसांसाठी पैसे पाठवण्याचे ॲप कसे सुधारशील?” तिने धडाधड दहा गोष्टी सांगितल्या. अक्षरे मोठी करू, आवाजावर चालवू, मराठीत करू. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारले, “कोणती म्हातारी माणसं?” पोरगी गप्प. चार दिवसांनी दोन ओळींचा नकार आला. रडली, आठ दिवस जेवणावर लक्ष नव्हते. आमच्या वहिनी म्हणाल्या, “सोड तो नाद, आहे ती नोकरी काय वाईट आहे?”

मग सुट्टीला आली तेव्हा ती दोन दिवस आपल्या आजीच्या मागे-मागे हिंडली. आजीकडे मोबाईल आहे, अक्षर तिला वाचता येते. तरी दुकानदाराला पैसे पाठवायला ती शेजारच्या पोराला हाक मारते. का, तर चुकीचे बटण दाबले आणि पैसे भलत्याच्या खात्यात गेले तर परत कसे आणायचे? पडद्यावर ‘पैसे गेले’ असे आले तरी तिचा विश्वास बसत नाही. बँकेत जाऊन पासबुकावर छापून आणले की तिच्या जिवाला बरे वाटते. म्हणजे अडचण अक्षराच्या आकाराची नव्हतीच, भरवशाची होती. पुढच्या मुलाखतीत तसाच प्रश्न आला तेव्हा तिने आधी विचारून घेतले की कोणत्या वयाची, कुठली, स्मार्टफोन असलेली की साधा फोन असलेली माणसे धरायची. मग एकच अडचण निवडली, एकच उपाय सांगितला, आणि तो लागू पडला हे कसे ओळखायचे तेही सांगितले: महिन्याभरात दुसऱ्यांदा, कोणाला हाक न मारता, किती जणांनी पैसे पाठवले. साध्या फोनवरून यूपीआय करण्याची सोय २०२२ च्या मार्चमध्येच सुरू झालेली आहे, हेही तिला ठाऊक होते. अशी माहिती असली की उत्तराला वजन येते.

चौथा प्रकार स्वतःच्या कामाविषयी. “सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा काय केलेस?” “चूक कधी झाली?” ॲमेझॉनमध्ये याला फार महत्त्व. त्यांची सोळा लिखित तत्त्वे आहेत, आणि मुलाखत घेणारे आपापसांत वाटून घेऊन त्यांवर प्रश्न विचारतात. शिवाय दुसऱ्या विभागाचा एक माणूस केवळ दर्जा खाली येऊ नये म्हणून बसवलेला असतो. उत्तर देण्याची रीत सोपी आहे: प्रसंग काय होता, माझ्यावर काम काय होते, मी काय केले, निष्पन्न काय झाले, आणि तेही आकड्यात. यात आपल्या मुलांची एक खोड आड येते. आपल्याकडे ‘मी केले’ म्हणणे उद्धटपणाचे वाटते, म्हणून पोरं सारखी ‘आम्ही केलं, आमच्या टीमनं केलं’ म्हणतात. समोरच्याला मग कळतच नाही की याने स्वतः काय केले. सत्य असेल तिथे ‘मी’ म्हणायला शिकवावे लागते. त्या कंपनीत लिहिण्यालाही मान आहे. २००४ साली त्यांनी वरिष्ठांच्या बैठकांतून चित्रफितीसारखे स्लाइड दाखवणे बंद केले, आणि सहा पानी टिपण सगळ्यांनी आधी मुकाट्याने वाचायचे असा शिरस्ता घातला. उमेदवाराकडूनही अनेकदा एखादे लेखी उत्तर मागवतात. निबंधाचा कंटाळा करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पुस्तके इंग्रजीत आहेत. गेल लाकमन मॅकडॉवेल आणि जॅकी बावारो यांचे ‘क्रॅकिंग द पीएम इंटरव्ह्यू’ आणि लुईस लिन यांचे ‘डीकोड अँड कॉन्कर’ ही दोन्ही २०१३ सालची, आणि एवढी पुरेत. पण पुस्तकातील साचे जसेच्या तसे म्हणणारा मुलगा समोरच्याला लगेच ओळखू येतो. खरी तयारी तोंडी सरावाने होते. दोन-तीन मित्रांनी मिळून आठवड्यातून तीनदा एकमेकांची मुलाखत घ्यावी, मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकावी. पुतणीला स्वतःचे बोलणे ऐकून कळले की ती प्रत्येक वाक्यानंतर ‘ॲक्च्युअली’ म्हणते. इंग्रजी फर्डे नसले तरी चालते, पण विचार पायरीपायरीने मांडता आला पाहिजे. तो आधी मराठीत मांडून पाहायला काहीच हरकत नाही.

क्लासविषयी स्पष्ट लिहितो. लाख-लाख रुपये फीचे क्लास आहेत. काही बरे असतील. परंतु नोकरीची हमी कोणालाही देता येत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून दूर राहावे. कर्ज काढून तर मुळीच नको. मुलाखतीसाठी, कागदपत्रांसाठी किंवा ‘अनामत’ म्हणून कोणी पैसे मागितले तर ती फसवणूक समजावी. खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

आणि हातची नोकरी सोडून तयारीला बसू देऊ नका. २०२२ च्या नोव्हेंबरात फेसबुकच्या मेटा कंपनीने ११,००० च्या वर माणसे कमी केली, २०२३ च्या जानेवारीत गुगलने १२,००० जणांना कमी करण्याचे जाहीर केले. अशा वेळी तयारी कितीही चांगली असली तरी जागाच नसते. माझी पुतणी दुसऱ्या ठिकाणी शेवटच्या फेरीपर्यंत गेली आणि त्या कंपनीने भरतीच थांबवली. तिसऱ्या ठिकाणी तिचे काम झाले, पण मध्ये अकरा महिने गेले. त्या अकरा महिन्यांत जुना पगार चालू होता म्हणून घर निभावले. पुष्कळदा आहे त्याच कंपनीत इंजिनिअरिंगमधून या कामाकडे सरकता येते, तो रस्ता आधी पाहावा.

घरच्यांनी करायचे ते थोडे आहे. मुलगा सुट्टीत गावी असताना मुलाखत आली तर त्या दिवशीची लाईटची वेळ आधी बघून ठेवा, लॅपटॉप भरून ठेवा, वाडग्याच्या नेटवर न राहता दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे मोबाईल जवळ ठेवा. तो दीड तास मिक्सर, टीव्ही आणि पाहुणे बाहेर. संपल्यावर लगेच “काय झालं? लागली का?” म्हणून विचारू नका. त्याला स्वतःलाच ते आठ-पंधरा दिवस कळत नसते.