कोठार दोघांनी उघडले

मंगळवेढा म्हणजे ज्वारीचे कोठार. काळ्या रानात रब्बीची ज्वारी काढणीला येते आणि नेमकी तेव्हाच बारावीची परीक्षा येऊन ठेपते. आमच्या वस्तीत त्या दिवसांत एकाच घरात विळा आणि वही दोन्ही चालू असतात. आई रानातून थकून येते, तेव्हा मुलगी गाईड उघडून उत्तरे पाठ करीत बसलेली असते.

आमच्याही घरात असेच चालले होते. कलाशाखेच्या वर्गात मुलीला एखाद्या अभिजात मराठी कादंबरीवर निबंध लिहून आणायला सांगितले होते. तिने अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ निवडली. आम्ही विचारले, “पुस्तक वाचलंस का?” ती म्हणाली, “नाही बाबा, सारांश पाठ केलाय.” आम्हाला वाईट वाटले, पण रागावणार कसे? आमच्या शाळेच्या दिवसांत आम्हीही तेच केले होते. पुस्तक विकत घ्यायला पैसे नव्हते आणि वाचून स्वतःचे मत लिहावे, असे आम्हाला कोणी सांगितलेही नव्हते.

मग वाचनालयातून पुस्तक आणले. रोज रात्री जेवणे झाली, की मुलीने दहा-बारा पाने मोठ्याने वाचायची आणि आम्ही सर्वांनी ऐकायचे, असे ठरवले. भांडी आवरून तिची आई येऊन बसे. अक्षर न येणारी आजीही भिंतीला टेकून ऐके.

कादंबरीत दुष्काळ येतो. माणसे अन्नावाचून तडफडू लागतात. तेव्हा फकिरा आपल्या साथीदारांना घेऊन धान्य लुटतो आणि उपाशी लोकांत वाटतो. हा भाग चालू असताना आजी एकदम म्हणाली, “आगं, ह्ये तर दामाजीपंतानं केलं की!” मुलगी वाचता वाचता थांबली. म्हणाली, “मग आज्जे, दामाजीपंत संत आणि फकिरा दरोडेखोर, असं का?”

हा प्रश्न कुठल्याही गाईडमध्ये नव्हता. त्या रात्री पुढचे वाचन झाले नाही, बोलणेच झाले.

दामाजीपंतांची कथा मंगळवेढ्यातल्या लहान मुलालाही माहीत असते. बहमनी राजवटीत ते इथले अधिकारी होते. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठार रयतेसाठी उघडले. बादशहा रागावला, तेव्हा विठोबाने विठू महाराचे रूप घेऊन बेदरला धान्याची किंमत भरली, असे लोककथा सांगते. पंतांच्या हाती कोठाराची किल्ली होती. फकिराच्या हाती किल्ली नव्हती, म्हणून त्याला कुलूप फोडावे लागले. पंतांचा भरणा करायला कथेत विठू महार धावला. फकिराचा भरणा कोणी केला नाही. इंग्रज सरकारने त्याची माणसे डांबली, तेव्हा त्यांना सोडवण्यासाठी तो स्वतः हजर झाला. भूक तीच आणि धान्यही तेच. किल्ली कोणाकडे, एवढाच फरक. मुलीने निबंधाचा मुद्दा हाच धरला.

आजीने आणखी एक आठवण काढली. याच मंगळवेढ्यात १३३८ साली गावकुसाचे बांधकाम करताना भिंत कोसळून संत चोखामेळा दगावले. गावाचे रक्षण करणारी भिंत बांधायची त्यांनी, आणि राहायचे मात्र भिंतीबाहेर. बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मूळ शोधावरील १९४८ चा ग्रंथ ज्या तीन संतांना अर्पण केला, त्यांत चोखोबा आहेत. आणि अवघे दीड दिवस शाळेत गेलेल्या अण्णा भाऊंनी १९५९ साली आलेली ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. तिला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना आहे आणि १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कारही मिळाला.

‘फकिरा’ संपल्यावर आम्ही ‘बनगरवाडी’ आणली. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ ची. लेखकाचे गाव आटपाडी तालुक्यातले, म्हणजे सांगोला ओलांडला की आलेच. धनगरांच्या वाडीत एक तरुण मास्तर शाळा चालवायला येतो, आणि शेवटी दुष्काळाने वाडीच ओस पडते. ही हकिकत मास्तर सांगतो. मुलीची आई म्हणाली, “हीच गोष्ट वाडीतल्या एखाद्या बाईनं सांगितली असती, तर वेगळी झाली असती.” आम्हाला वाटते, साहित्याच्या वर्गात शिकवतात ते हेच. १८५७ साली बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचे दुःख मांडले, तेव्हापासून मराठी कादंबरी दुःखितांविषयी लिहीत आली. पण त्या दुःखात आपली वस्ती मध्यभागी यायला पुष्कळ काळ जावा लागला.

वाचक बंधुभगिनींनो, पाठ्यपुस्तकात कादंबरी येते ती बहुधा उताऱ्याच्या रूपाने. उताऱ्याने गुण मिळतील, पण माणूस उलगडायला पुस्तक पुरते वाचावे लागते. मुलांना तीन गोष्टी वहीत टिपायला सांगा. गोष्ट कोण सांगतो? कोणाला बोलूच दिलेले नाही? कष्ट कोण करतो आणि त्याचे फळ कोणाच्या घरी जाते? प्रत्येक उत्तरापुढे पुस्तकातला प्रसंग लिहायला लावा. असा आधार दिलेले स्वतःचे मत परीक्षेतही लंगडे पडत नाही. काढणीच्या दिवसांत वेळ मिळत नाही, म्हणून हे वाचन दिवाळीच्या सुट्टीतच सुरू करावे.

आणि आई-वडिलांना वाचता येत नसेल तर लाजू नये. आमच्या घरातला सर्वांत चांगला प्रश्न निघाला तो अक्षर न येणाऱ्या आजीच्या बोलण्यातून. येत्या जयंतीच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढून वस्तीसाठी चार कादंबऱ्या आणा. एकाने वाचावे आणि दहांनी ऐकावे. मुलांनी त्यावर आपल्या मनाने लिहावे.