वाळूत रुतणारी जीप

नालासोपाऱ्याजवळच्या कळंबच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनात मित्रांसह तंबू ठोकायचा बेत आखलात, तर जीप रस्त्यालगतच ठेवा. ‘आमच्या जीपची चारही चाके इंजिन फिरवते, मग भीती कसली?’ असे कोणी विचारील. थोडे गणित करू.

सामानासकट जीप १६०० किलोची धरा. प्रत्येक चाकावर ४०० किलो भार आला. टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलो असेल, तर चाक सुमारे २०० चौरस सेंटिमीटरच टेकते. वहीच्या पानाहूनही कमी! निम्मा दाब ठेवला की टायर पसरून दुप्पट जागा टेकतो. उंटाचा पसरट तळवा हेच करतो. इंजिन कितीही दणकट असो, कोरडी वाळू चाकामागे सरकत गेली की चाक जागच्या जागी फिरून स्वतःचाच खड्डा खणते.

ओली वाळू मात्र टणक लागते. तीवर पाऊल दाबा. भोवतालची वाळू क्षणभर कोरडी दिसेल. १८८५ साली ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी याचे कारण सांगितले. दाबलेले कण एकमेकांवर चढू पाहतात, त्यांच्यातील पोकळी वाढते आणि वरचे पाणी आत ओढले जाते. पण फसवणूक इथेच आहे. ओहोटीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण भरती येते. कणांतील पोकळ्या पाण्याने भरल्या आणि वरून चाकांनी घुसळले, की तीच वाळू चिखलासारखी पातळ होते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तर पाणी अधिकच वर चढते, आणि रुतलेली जीप फावड्याने मोकळी करायला वेळ उरत नाही.

पावलाचा प्रयोग मात्र जरूर करा. त्याला जीप लागत नाही.