‘सोडा’ की ‘फोडा’? फोनवरच्या संदेशाविषयीचे गैरसमज

उन्हाळ्यात देहरंग धरणाचा साठा खालावला की पनवेलकरांच्या पाण्याच्या वेळा बदलतात. असा बदल घरोघरी कळवायचा, तर फोनवरचा ध्वनिमुद्रित संदेश हा सोपा मार्ग. वाचता न येणाऱ्या आजीलाही तो कळतो. पण ‘स्टुडिओत रेकॉर्डिंग उत्तम झाले की फोनवरही तसेच ऐकू येते’ हा मोठा गैरसमज आहे. पारंपरिक फोनमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. सीडीवर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने असतात, फोनच्या लाइनवर ८,०००. प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. हे जी.७११ मानक १९७२ साली ठरले. भारतात त्यातली ए-लॉ पद्धत चालते, अमेरिकेत आणि जपानमध्ये म्यू-लॉ. एका पद्धतीची फाइल दुसरी समजून वाजवली तर आवाज फाटतो. स्टुडिओतली फाइल आपण फोनच्या पद्धतीत बदलली नाही, तरी पुढचे एखादे यंत्र ती बदलतेच. मग ते काम आधीच, कानाने तपासून केलेले बरे.

‘बदलायचे म्हणजे मधले नमुने गाळायचे’ हा दुसरा गैरसमज. ‘स’ उच्चारताना होणाऱ्या सूं आवाजाचा बराच भाग ४,००० हर्ट्झच्या वर असतो. सेकंदाला ८,००० नमुन्यांत ४,००० हर्ट्झच्या वरचे काही मावत नाही. तरीही हा वरचा आवाज आधी गाळून न घेता नमुने कमी केले, तर ६,००० हर्ट्झचा आवाज २,००० हर्ट्झचा होऊन शब्दांत मिसळतो आणि बोलणे खरखरते. म्हणून आधी वरचा आवाज गाळायचा, मग नमुने कमी करायचे. चांगली सॉफ्टवेअर हे स्वतःहून करतात. पण गाळल्यावर ‘स’ दुबळा होतो. ओठ-दातांतून म्हटलेला ‘फ’ त्याच्या जवळ येतो आणि ‘सोडा’ व ‘फोडा’ यांतला फरक पुसट होतो. पाण्याच्या संदेशात हे परवडत नाही. यावर उपाय सॉफ्टवेअरमध्ये नाही, तो मजकुरात आहे: ‘पाणी सोडले जाईल’ऐवजी ‘नळाला पाणी येईल’ म्हणावे.

‘आवाज कमी बिटांत बसवणे, म्हणजे आकुंचन, ही त्याची नासाडीच’ हेही खरे नाही. ए-लॉमध्ये हळू आवाजासाठी मोजमापाच्या पायऱ्या बारीक असतात आणि मोठ्या आवाजासाठी रुंद, त्यामुळे हळू बोललेल्या शब्दांना ८ बिटांतही जवळपास १३ बिटांची सफाई मिळते. एका मिनिटाची अशी फाइल ४८० केबीची होते, तर १२८ केबीपीएसच्या एमपी-थ्रीची ९६० केबीची. तरीही एमपी-थ्रीवरून फाइल बनवू नये. आपल्या कानाला जाणवणार नाही असे ठरवून एमपी-थ्रीने काही भाग आधीच काढलेला असतो. त्यावर पुन्हा आकुंचन केले की उणिवा साचतात. सुरुवात मूळ वेव्ह फाइलपासूनच करावी.

आता कुणी म्हणेल, ४जी जाळ्यावरून बोलण्याची व्होल्टीई पद्धत आल्यावर ही खटपट कशाला? व्होल्टीईवरचा एचडी आवाज सुमारे ५० ते ७००० हर्ट्झपर्यंत जातो, हे खरे. पण त्यासाठी दोन्ही टोके आणि मधले जाळे, सगळेच त्या पद्धतीचे लागते. एकाच वेळी ३० कॉल घेणाऱ्या पारंपरिक पीआरआय लाइनवर प्रत्येक कॉलच्या वाट्याला तेच ६४,००० बिट येतात. शिवाय मोबाइलचे कोडेक, म्हणजे आवाज आकुंचित करणाऱ्या पद्धती, माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेल्या असतात. संदेशामागे बासरी-तबला लावला की त्या गोंधळतात आणि शब्दही धूसर होतात. संदेश ज्याला सर्वांत कमी ऐकू जाईल, त्याच्यासाठी तयार करायला हवा. म्हणून तो संगणकावर ऐकून मंजूर करू नये. पनवेलच्या एसटी स्थानकातल्या गलबल्यात साध्या फोनवर तो एकदाच ऐकावा आणि पाण्याची वेळ कळली का, एवढेच पाहावे.