डिस्क ठीक, फाइल गेली

१९८०च्या दशकात हार्डडिस्क विकत घेतली की तिच्या खोडींची यादी तिच्याच अंगावर चिकटवलेली मिळे. सीगेटची एसटी-२२५ तेव्हा घरोघरी नसली तरी बऱ्याच ऑफिसांत होती: २० एमबी, ६१५ सिलिंडर, ४ हेड, दर ट्रॅकवर १७ सेक्टर. कारखान्यातल्या चाचणीत सापडलेल्या खराब जागा वरच्या स्टिकरवर असत, अमुक हेड, तमुक सिलिंडर अशा. मशीन जुळवणारा डॉसमध्ये डीबग उघडून ‘जी=सी८००:५’ टाइप करी, की कंट्रोलर कार्डाच्या रॉममधला लो-लेव्हल फॉरमॅट सुरू होई. मग तो स्टिकरकडे मान वाकडी करून बघत एकेक आकडा भरत बसे. गिऱ्हाईक शेजारी चहा पीत असे आणि त्यालाही यात वावगं वाटत नसे. डिस्कला चार डाग असायचेच.

पुढे डॉसचा फॉरमॅट डिस्क वाचून बघे आणि जो क्लस्टर वाचता येत नसेल त्यावर फॅटच्या तक्त्यात खूण करी. १६ बिटी फॅटमध्ये ती खूण एफएफएफ७. तिथे डॉस पुन्हा काही लिहीत नसे. डिस्क कोरी असताना हे सोपं होतं. पंचाईत व्हायची ती डेटा भरल्यावर डाग पडला तर.

त्यासाठी लोक डॉसची चेकडिस्क ही कमांड चालवत. नाव असं असूनही जुनी चेकडिस्क सेक्टर वाचून बघतच नसे. ती फक्त फॅट आणि डिरेक्टरी यांचा मेळ घाली. कुठल्याच फाइलच्या नावावर नसलेले क्लस्टर सापडले, की त्यांच्या फाइली करू का, वाय की एन, असं विचारी. वाय दाबलं की ‘फाइल००००.सीएचके’पासून पुढे रांग लागे आणि त्यात कुणाचं पत्र, कुणाचा ताळेबंद अर्धामुर्धा निघे. सातबारा दुरुस्त झाला म्हणून शेत पिकत नाही, तसलाच प्रकार. याहून भयंकर होती रिकव्हर ही कमांड. तिला फाइलचं नाव न देता नुसतं ड्राइव्हचं अक्षर दिलं, की ती झाडून साऱ्या फाइलींना ‘फाइल०००१.आरईसी’ असे नंबर देऊन मोकळी होई. मदतीच्या नावाखाली इतकं नुकसान दुसऱ्या कुठल्या कमांडने केलं असेल असं मला वाटत नाही.

नॉर्टन डिस्क डॉक्टर, स्पिनराइट ही मंडळी दशक संपता संपता आली. स्पिनराइट हट्टी होतं, एकच सेक्टर पुन:पुन्हा वाचून पाही. १९९३ मध्ये एमएस-डॉस ६.२ बरोबर स्कॅनडिस्क आली आणि हे काम सर्वांच्या हातात गेलं. विंडोज ९८च्या दिवसांत तर तिच्यापासून सुटकाच नव्हती. डीटीपीचं पान लावता लावता लाईट जाई, यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली असे, आणि लाईट आले की निळा पडदा: विंडोज नीट बंद केलं नव्हतं, पुढच्या वेळी स्टार्ट मेनूतून बंद करा. लोडशेडिंगवाल्यांना हा उपदेश! पृष्ठभागाची पूर्ण तपासणी लावली तर चौकोनांच्या नकाशावर सरकणारी खूण एखाद्या ठिकाणी अडे, डिस्क करकर आवाज काढी आणि मग तिथे ‘बी’ उमटे. वाचता आलं तेवढं दुसरीकडे हलवलं जाई. जे वाचता आलं नाही ते गेलं, तरी शेवटचा अहवाल मात्र डिस्क दुरुस्त झाल्याचाच.

फ्लॉपीची कथा निराळी. १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर २८८० सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट. यातला शून्य ट्रॅक बिघडला की बाकीचे कितीही धडधाकट असोत, फ्लॉपी उघडत नाही. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात चकतीवर बुरशी धरे. तशी फ्लॉपी घातली की हेडही घाण होई आणि पुढची चांगली फ्लॉपीही चरे पाडून घेई. काही फ्लॉप्या तर लिहिल्या त्याच ड्राइव्हवर वाचल्या जात, कारण त्या ड्राइव्हचं हेडच सरकलेलं असे. तिथे दोष चकतीत शोधून उपयोग नव्हता.

आयडीई डिस्कांनी स्टिकर काढून टाकला. डिस्कच्या आत राखीव सेक्टर ठेवले गेले आणि खराब जागेच्या बदल्यात ते गुपचूप वापरले जाऊ लागले. नकाशावर ‘बी’ कमी दिसू लागले, लोक खूश. हिशेब आता डिस्क स्वतःच ठेवत होती आणि विचारलं तरच ‘स्मार्ट’ या डिस्कमधल्याच स्वतपासणीच्या आकड्यांतून सांगत होती. २००७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांवर स्मार्टच्या चार मुख्य इशाऱ्यांपैकी एकही नव्हता. मात्र डिस्कच्या स्वतःच्या स्कॅनमध्ये पहिली चूक सापडल्यावर ६० दिवसांत ती जाण्याची शक्यता अशी चूक नसलेल्या डिस्कांच्या ३९ पट होती. म्हणजे इशारा मिळाला तर तो मनावर घ्यावा, पण न मिळाल्याने काहीच सिद्ध होत नाही.

फाइल शाबूत आहे का, हा प्रश्न यांपैकी कुणी विचारतच नव्हतं. २००५ मध्ये आलेल्या झेडएफएस या फाइल सिस्टिमने प्रत्येक ब्लॉकचा चेकसम ठेवून तो विचारला. पण आपल्या जुन्या फॅट डिस्कांना असा चेकसम कुठून असणार? म्हणून हल्ली जुनी डिस्क हाती आली की तिच्यावर स्कॅनडिस्क वगैरे काही चालवायचं नाही, हे माझं ठाम मत. दुरुस्ती म्हणजे तिच्यावर लिहिणं. आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची नक्कल, घ्यायची. ते सोपे भाग आधी उचलतं, अडलेले सोडून पुढे जातं, नोंद ठेवतं आणि मागाहून परत येतं. पुढची सगळी चिरफाड त्या इमेजवर.

मराठी डीटीपीच्या फाइलींत यानंतरही काम उरतं. पेजमेकरच्या फाइलीतला एक सेक्टर गेला तरी अख्खी फाइल उघडायला नकार देऊ शकते. साधा मजकूर असेल तर ५१२ बाइट म्हणजे साधारण एक परिच्छेद गेला. श्रीलिपी, आकृतीच्या जुन्या फाँटांत एकेक बाइट म्हणजे काना, मात्रा किंवा अर्धं अक्षर. युनिकोडमध्ये नेताना रफार आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाऊन बसते. त्यामुळे एखादी मात्रा डिस्कने खाल्ली की कन्व्हर्टरने, हे पडद्यावर बघून कळत नाही. छापील अंक शेजारी घेऊनच वाचावं लागतं. आणि छापील अंक हाताशी असेल, तर लहान लेख त्यावरून पुन्हा टाइप करून घेणंच बहुतेक वेळा स्वस्त पडतं.