डबकीतलं डिझेल आणि कॉमन रेलचं इंजिन

दिवाळीच्या तोंडावर नाचणगाव-पुलगाव रस्त्यावर पिकअपची रीघ लागते. सोयाबीन बाजार समितीत न्यायचं असतं, कापसाचा पहिला वेचा घरात येऊ लागलेला असतो, आणि रब्बीसाठी खताची पोती गावाकडे यायची असतात. देवळी तालुक्यातलं नाचणगाव हे मोठं गाव पुलगाव स्टेशनाला जवळजवळ खेटून आहे. एके काळी इथला कापूस बैलगाडीने पुलगावला जाई, आर्वीकडचा माल पुलगाव-आर्वीच्या छोट्या रेल्वेने येई. ती रेल्वे थांबली, पुलगावची कापड गिरणीही थांबली. शेतापासून जिनिंगपर्यंतचा सगळा भार आता दीड-दोन टनांच्या डिझेल पिकअपवर आहे. ही गाडी हंगामात चार दिवस गॅरेजात उभी राहिली, तर भाडं बुडतं, हप्ता थकतो आणि शेतकऱ्याचा माल अंगणात पडून राहतो.

या गाड्या का बंद पडतात, हे मी या भागातल्या मिस्त्रींकडून आणि गाडीमालकांकडून समजून घेत आलो आहे. मला एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. खोललेल्या इंजिनांपैकी बहुतेकांचा बिघाड इंजिनात सुरू झालेलाच नसतो. तो टाकीत, फिल्टरमध्ये, डिझेलच्या नळीत किंवा हवेच्या वाटेवर सुरू झालेला असतो. गेल्या पंधरा वर्षांत इंजिन पार बदललं, पण आपली डिझेल हाताळण्याची रीत जुन्या इंजिनाच्या काळातलीच राहिली. माझ्या मते सगळ्या तक्रारींचं मूळ इथे आहे.

ही रीत कुठून आली ते पाहायला थोडं मागे जावं लागतं. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला यशस्वीपणे चाललं. आपल्या शेतकऱ्याला ते भेटलं विहिरीवर. किर्लोस्करांनी १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना उभारला आणि पुढच्या दशकांत त्या इंजिनांचा आवाज महाराष्ट्रभरच्या मळ्यांत पोचला. गावागावांतले डिझेल मिस्त्री याच इंजिनांवर घडले. बंगळुरूला १९५१ मध्ये सुरू झालेल्या मायको कंपनीचा फ्युएल पंप आणि नोझल त्यांच्या हाताखालून गेले. आजही जुना मिस्त्री ‘मायकोचा पंप’ असंच म्हणतो, जरी त्या कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं. त्या पिढीचं ज्ञान कानात आणि बोटांत होतं. पाइपचं नट सैल करून कोणता सिलिंडर मिस करतो ते सांगायचं, धुराचा रंग पाहून नोझल की रिंग ते ठरवायचं. त्या इंजिनाला थोडी घाण, थोडं पाणी, थोडं रॉकेल पचायचं. नोझल काढलं, साफ केलं, पुन्हा बसवलं की काम भागायचं.

पिकअपही सुरुवातीला तशाच होत्या. टाटा २०७ ने या जातीच्या गाडीची सवय लावली. मे २००५ मध्ये टाटा एस आली. दोन सिलिंडर, सातशे सीसी, अवघी १६ अश्वशक्ती. लोकांनी तिला लगेच छोटा हत्ती केलं आणि ट्रक परवडत नव्हता अशा हजारो तरुणांना तिने मालक केलं. वजन जास्त आणि रस्ता कच्चा असेल तिथे महिंद्राच्या बोलेरो पिकअपने जम बसवला.

मग धुराचे नियम कडक होत गेले. देशभर १ एप्रिल २०१७ ला बीएस-४ आलं आणि बरोबर तीन वर्षांनी, १ एप्रिल २०२० ला बीएस-६. डिझेलमधलं गंधक बीएस-३ मध्ये दहा लाख भागांत ३५० होतं, ते ५० वर आणि नंतर १० वर आलं. हवेसाठी ही मोठी गोष्ट झाली. गंधक काढताना डिझेलचा अंगचा वंगणपणाही कमी होतो, म्हणून रिफायनरीत त्यात वंगण वाढवणारं रसायन घालतात. पंपावरचं चांगलं डिझेल त्यामुळे नव्या इंजिनाला पुरेसं असतं. त्यात काही मिसळलं की मात्र हिशेब बिघडतो.

नव्या इंजिनात कॉमन रेल आहे. जुन्या नोझलचं तोंड साधारण दीडशे ते अडीचशे बारला उघडायचं. कॉमन रेलमध्ये डिझेल सोळाशे बार आणि त्याहून जास्त दाबाने तयार उभं असतं आणि संगणक सांगेल त्या क्षणी इंजेक्टर उघडतो, एकाच फेऱ्यात अनेकदा. इंजेक्टरच्या टोकाची भोकं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतात. आतल्या सरकत्या भागांमधली फट दोन-चार मायक्रॉनची, आणि माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या घरात असतो. या पंपाला वेगळं ऑइल नसतं, त्यातून वाहणारं डिझेलच त्याचं वंगण. एवढं लक्षात घेतलं की पुढचे बिघाड उलगडायला लागतात.

पहिला शत्रू पाणी. अर्धी रिकामी टाकी पावसाळ्यात रात्रभर उभी राहिली की आतल्या दमट हवेचं पाणी होतं. ते डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाला बसतं. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि काळपट, बुळबुळीत थर तयार होतो. फिल्टर खोलल्यावर बोटाला लागतो तो हाच. पाण्याने पंपाच्या पोलादाला गंज चढतो आणि तापलेल्या नोझलच्या टोकाशी त्याची वाफ होऊन टोकच फुटू शकतं. फिल्टरच्या खालच्या बाजूला पाणी उतरवायचा स्क्रू असतो. डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागण्याची वाट न पाहता पावसाळ्यात तो दर आठवड्याला सैल करून वाटीभर डिझेल काढून पाहावं. मला भेटलेल्या चालकांपैकी फारच थोड्यांना तो स्क्रू माहीत होता.

दुसरी गोष्ट डबकीची. शेतात ट्रॅक्टरसाठी प्लॅस्टिकच्या डबकीत डिझेल साठवलेलं असतं. झाकण कधी असतं, कधी चिंधी. पिकअप शेतात गेली आणि काटा खाली दिसला की त्याच डबकीतून, त्याच नरसाळ्याने, चार-पाच लिटर टाकीत जातात. ट्रॅक्टरचं काही बिघडत नाही, म्हणून कोणाला शंका येत नाही. पण १ जानेवारी २०२३ पासून ट्रॅक्टरांना जे नवे धूर नियम लागले ते ५० अश्वशक्तीच्या वरच्यांना. आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर त्याखालचे, जुन्या धाटणीच्या यांत्रिक पंपाचे. एकाच धुऱ्यावर दोन जमान्यांची इंजिनं उभी आहेत आणि डबकी एकच. काळ्या मातीची धूळ जुना पंप गिळून टाकतो. नवा पंप त्या धुळीने घासला जातो, त्याचा बारीक कीस सगळ्या इंजेक्टरांत पोचतो, आणि मग टाकी, नळ्या, रेल, पंप, इंजेक्टर सगळं साफ करणं किंवा बदलणं ओघाने येतं. फिल्टर काही शे रुपयांत मिळतो. नव्या इंजेक्टरचा एक नग हजारोंत जातो आणि पिकअपला ते तीन-चार लागतात.

भेसळीचं दुखणं याहून जुनं आणि काळं आहे. रेशनचं रॉकेल निळं करून देण्यामागे भेसळ ओळखता यावी हाच हेतू होता. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ इंधनाची भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं गेलं. त्या घटनेने महाराष्ट्र हादरला होता आणि ती विसरता कामा नये. रॉकेल डिझेलहून पातळ, त्यात वंगण कमी. कॉमन रेलच्या पंपात ते गेलं की धातू धातूला घासतो. पंपावर डिझेलची घनता तपासून दाखवा म्हणायचा ग्राहकाला हक्क आहे. नोंदीतली आणि मोजलेली घनता यांत दर घनमीटरला तीन किलोहून जास्त फरक असेल तर डिझेलवर संशय घ्यायलाच हवा. घनतेचा काचेचा हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि तक्ता पंपावर ठेवलेला असतो, मागायला संकोच करू नये.

नाचणगावच्या एका गॅरेजात पाहिलेली तपासणी इथे सविस्तर सांगतो. मालकाची तक्रार होती, ‘मिस्त्री, गाडी दमच घेऊन नाही राहिली. सकाळी सेल्फ मारू मारू बॅटरी बसते.’ दुसऱ्या कुणीतरी त्याला थेट पंप बदलायला सांगितलं होतं. या मिस्त्रीने पंपाला हात लावला नाही. आधी टाकीकडून फिल्टरकडे येणारी रबरी नळी काढून तिच्या जागी पारदर्शक नळी जोडली आणि इंजिन चालू केलं. नळीत बुडबुडे धावताना दिसले. टाकीकडची बाजू खेचणारी असते, तिथे चिरलेल्या नळीतून डिझेल बाहेर सांडत नाही, उलट हवा आत येते. रात्रभरात डिझेल मागे टाकीत उतरतं आणि सकाळी इंजिनाला हवा मिळते. एक क्लिप आणि हातभर नळी बदलली.

तेवढ्यावर तो थांबला नाही. प्रत्येक इंजेक्टरमधून थोडं डिझेल परतीच्या नळीने टाकीकडे जातं. त्या परतीच्या नळ्या काढून त्याने प्रत्येक इंजेक्टरला सलाइनची नळी आणि तिच्याखाली सारखी बाटली लावली, आणि इंजिन काही मिनिटं मंद चालू ठेवलं. तीन बाटल्यांत डिझेल जवळजवळ सारख्या उंचीवर आलं, चौथीत दुपटीहून जास्त. म्हणजे तो इंजेक्टर आतून झिजला होता, दाब धरत नव्हता. ज्या पंपाला दोषी ठरवलं होतं तो चांगला निघाला. या तपासणीला महागडं यंत्र लागत नाही. लागते ती क्रमाने शोधायची शिस्त, आणि ती या मिस्त्रीकडे होती.

विदर्भाचा उन्हाळा आणि कापूस यांचं स्वतंत्र प्रकरण आहे. जिनिंगच्या आवारात हवेत तरंगणारी सरकी-कापसाची तुसं रेडिएटरच्या पात्यांत अडकतात, त्यावर धूळ बसते आणि दोन-तीन हंगामांत समोरून जाड नमदा तयार होतो. त्यात बोअरचं क्षाराचं पाणी कूलंट म्हणून ओतलेलं असतं. मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, डाल्यात ठरलेल्या वजनाच्या दीडपट माल असतो, आणि गाडी विरूळजवळून समृद्धी महामार्गावर चढून तासन्‌तास एकाच वेगाने पळते. हीटचा काटा वर गेला तरी ‘पोचू दे’ म्हणून गाडी दामटली जाते, हेड वाकतं, गॅस्केट जाते, आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येऊ लागतो. समोरची जाळी काढून रेडिएटर मागच्या बाजूने, पंख्याकडून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुवावा. जोराचा झोत मारला की पाती आडवी होतात. एअर फिल्टर झटकून पुन्हा पुन्हा वापरण्याची सवयही इथलीच. झटकताना कागद फाटला तर धूळ थेट टर्बोत आणि सिलिंडरात जाते. मग निळा धूर दिसतो, गाडी ऑइल पिते आणि इंजिन बांधायची वेळ येते.

बीएस-६ ने आणखी दोन नवे प्रश्न आणले. सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ बसला. साठलेली काजळी जाळायला त्याला साडेपाचशे-सहाशे अंशांचं तापमान लागतं, ते गाडी काही वेळ सलग चांगल्या वेगाने धावली तरच टिकतं. शेत ते जिनिंग अशा चार-पाच किलोमीटरच्या खेपा मारणाऱ्या गाडीत जाळण्याचं काम दर वेळी अर्ध्यावर सुटतं. त्यासाठी जादा फवारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं की लोक खूश होतात, पण ती धोक्याची खूण आहे. ऑइल पातळ झालं, बेअरिंग जाणार. डीपीएफचा दिवा लागताच गाडी महामार्गावर अर्धा तास चालवणं हा साधा उपाय आहे. ‘डीपीएफ काढून टाका, ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी व्यवस्था) बंद करा’ हा सल्ला गॅरेजांत सहज मिळतो. तो बेकायदा आहे, आणि त्या काजळीत आपलीच मुलं शाळेत जातात.

दुसरा प्रश्न डीईएफचा, म्हणजे ज्या गाड्यांना युरियाची निळ्या झाकणाची टाकी आहे त्यांचा. त्यात शुद्ध युरिया ३२.५ टक्के आणि बाकी क्षार काढलेलं पाणी असतं. घरात ४५ किलोची युरियाची गोणी उभी असताना बाटलीला पैसे कशाला, असं शेतकरी कुटुंबातल्या चालकाला वाटणं स्वाभाविक आहे. पण २०१५ पासून शेतीच्या सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो, आणि बोअरच्या पाण्यात क्षार असतात. दोन्ही मिळून फवारणीचं नोझल आणि आतला कॅटॅलिस्ट चोंदवतात. बाटलीचे वाचलेले पैसे त्या एका कॅटॅलिस्टमध्ये कैक पटींनी जातात.

या सगळ्यात मला सर्वात जास्त काळजी वाटते मिस्त्रीची. स्कॅनर आला, पण स्कॅनर ‘रेलचा दाब कमी’ एवढंच सांगतो. तो नळीतल्या हवेमुळे कमी, चोंदलेल्या फिल्टरमुळे, पंपामुळे की झिजलेल्या इंजेक्टरमुळे, हे माणसालाच शोधावं लागतं. कोड वाचून थेट सुटा भाग बदलणारा तरुण आणि कोड वाचता न येणारा म्हातारा उस्ताद, दोघेही एकटे अपुरे आहेत. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. त्यातल्या मुलांना हंगामात गावच्या गॅरेजांत बसवलं आणि गॅरेजवाल्यांना आयटीआयच्या कार्यशाळेत कॉमन रेल हाताळायला मिळालं, तर पिकअपवाल्यांचा किती पैसा वाचेल! गाव, साधनं, माणसं सगळी दहा-पंधरा किलोमीटरच्या आत आहेत.

तोवर सर्वात जास्त फसतो तो जुनी गाडी घेणारा. शहरातल्या वाहतूकदारांनी झिजवलेल्या बीएस-४ पिकअप रंगरंगोटी करून आपल्याकडे येतात आणि दिवाळीच्या मुहूर्तावर विकल्या जातात. अशी गाडी पाहायला भल्या सकाळी जावं, इंजिन रात्रभर थंड असताना. मालकाने आधीच चालू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं. सेल्फ किती वेळ घेते, पहिल्या मिनिटात धूर कोणत्या रंगाचा येतो ते पाहावं. चालू इंजिनाची ऑइलची टोपी काढून उलटी ठेवावी. ती जोराने उडत असेल आणि आतून भकाभका वाफ येत असेल तर रिंगा गेल्या. डिपस्टिकचा वास घ्यावा, डिझेलचा वास आला तर इंजेक्टर टपकतोय किंवा डीपीएफची भानगड आहे. रेडिएटरच्या पाण्यात तेलाचा तवंग दिसला तर सौदा तिथेच सोडावा. आणि शंभर-दोनशे रुपये देऊन आपल्या मिस्त्रीला बाटल्यांची तपासणी करायला सोबत न्यावं. विकणारा त्याला नाही म्हणाला, तर ती गाडी घेऊ नये.