संगणक सुरू व्हायला रखडतो तेव्हा

गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यासारख्या गावात घरच्या संगणकाचे दोन मोठे वैरी: उन्हाळ्यातली धूळ आणि अचानक जाणारी वीज.

बटण दाबल्यावर पंखा फिरतो, पडदा मात्र काळाच राहतो आणि बीप वाजत राहतो, तेव्हा संशय आधी रॅमवर घ्यावा. वायर काढून, कॅबिनेट उघडून रॅमची पट्टी बाहेर काढावी, तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात आणि ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत ती परत बसवावी. बऱ्याचदा एवढ्यावर काम भागते.

चालू होताना तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली दिसते? मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा गोल सेल संपला आहे. चुकीच्या तारखेमुळे सुरक्षित संकेतस्थळेही उघडत नाहीत आणि दोष उगाच इंटरनेटवर जातो. सेल मात्र घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

संगणक सुरू होतो, पण फार रेंगाळतो, अशी तक्रार असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा. त्यातल्या ‘स्टार्टअप’मध्ये नको ते प्रोग्रॅम बंद करता येतात, अँटीव्हायरस तेवढा राहू द्यावा.

जुन्या यंत्राला खरा वेग येतो तो हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्यावर. हार्ड डिस्क खटखट वाजत असेल, तर दुरुस्तीच्या आधी फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्या.