परूशी, जकातदार आणि पंडिता रमाबाई : ख्रिस्ती विचारातील धर्माभिमान व पश्चात्ताप

लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील दृष्टांत सर्वपरिचित आहे. यरुशलेमेच्या मंदिरात दोघे प्रार्थनेस जातात. एक परूशी, दुसरा जकातदार. परूशी आपल्या उपवासांचा व दशमांशाचा उल्लेख करून, आपण इतरांसारखे, विशेषतः त्या जकातदारासारखे नाही, याबद्दल देवाचे आभार मानतो. जकातदार दूर उभा राहतो, वर पाहण्यासही धजत नाही, आणि केवळ दयेची याचना करतो. घरी जाताना निर्दोष ठरतो तो दुसरा.

या कथेचे प्रचलित विवरण असे की परूशी ढोंगी होता. हे विवरण सोयीचे असले तरी मूळ संहितेस धरून नाही. परूशी खोटे बोलला असे लूक कोठेही म्हणत नाही. तो आठवड्यातून दोन दिवस उपास करीत होता व उत्पन्नाचा दहावा भाग देत होता, हे खरेच मानावयाचे. परूशी पंथाविषयी ख्रिस्ती व्याख्यानांतून जो तुच्छतेचा सूर शतकानुशतके ऐकू आला तो अन्यायाचा होता, हे आता बहुतेक अभ्यासक मान्य करतात, ई. पी. सँडर्स यांचा १९७७ चा ग्रंथ या मतपरिवर्तनास मोठ्या प्रमाणात कारण झाला. ज्या परंपरेतून मिश्ना निर्माण झाली तिनेच असे बजावून ठेवले आहे की, ‘पाप करीन आणि मग पश्चात्ताप करीन’ असे म्हणणाऱ्यास पश्चात्तापाची संधी मिळत नाही. आणि शेजाऱ्याचा केलेला अपराध शेजाऱ्याचे समाधान केल्यावाचून प्रायश्चित्तदिनानेही धुतला जात नाही. पश्चात्तापाविषयी इतकी कडक दृष्टी असणाऱ्यांना दांभिक म्हणून निकालात काढता येत नाही. दृष्टांताची धार नेमकी येथेच आहे. खोट्या पुण्याचा गर्व सहज उघडा पडतो. खऱ्या पुण्याचा गर्व ज्याचा त्यालाही दिसत नाही.

मराठी वाचकाच्या दृष्टीने शब्दाचा प्रश्नही लक्षात घेण्याजोगा आहे. ‘पश्चात्ताप’ या शब्दात मागाहून होणारा दाह आहे. वारकरी संतांच्या ‘अनुताप’ या शब्दातही तोच दाह आहे. परंतु हिब्रूतील ‘शूव’ या धातूचा अर्थ परत फिरणे असा असून ग्रीक ‘मेटानोइया’ म्हणजे मनाचा पालट होय. दाह आणि वळण या दोन गोष्टी एक नव्हेत. तळमळून रडणारा मनुष्य होता त्याच जागी उभा राहू शकतो. लूकने पुढच्याच अध्यायात जक्कय नावाच्या दुसऱ्या जकातदाराची हकीकत दिली आहे, तीत अश्रूंचा उल्लेखही नाही. अर्धी मालमत्ता गोरगरिबांना आणि लुबाडलेल्याची चौपट भरपाई, एवढाच व्यवहार आहे. तेथे वळण स्पष्ट दिसते.

हा भेद ज्यांच्या आयुष्यात विलक्षण स्पष्टतेने उमटला अशा मराठी व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयाने त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तेथील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी संपादित करून प्रसिद्ध केला. त्यात ‘गर्व’ या आरोपाला महत्त्वाचे स्थान आहे. रमाबाई मांसाहार करीत नाहीत, अंडे घातलेले पक्वान्न टाळतात, यात सिस्टरना ब्राह्मण्याचा शिल्लक अहंकार दिसला. क्रुसावर लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत हवे, हा आग्रहही तसाच वादाचा झाला. त्रैक्याच्या सिद्धांताबद्दल रमाबाई शंका विचारीत, आणि धर्माधिकाऱ्याचा शब्द निमूटपणे स्वीकारीत नसत. भारतातील पुरोहितवर्गाचे जू मोठ्या प्रयासाने झुगारल्यावर तसलेच दुसरे मानेवर घेण्याची आपली तयारी नाही, असे त्यांनी स्वच्छ कळविले. आणि आपल्या अन्नपाण्यात कोणास गर्व शोधावयाचा असेल तर खुशाल शोधावा, असेही. सिस्टर जेराल्डिन यांचा रमाबाईंवर खरा जीव होता, यात संशय नाही. तथापि अधिकारस्थानी असलेल्या व्यक्तीला अवज्ञा आणि अहंकार यांतील अंतर बहुधा दिसत नाही, हेही या पत्रांवरून स्पष्ट होते.

रमाबाईंचे खरे परिवर्तन वेगळ्याच दिशेने आले. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, म्हणजे १८९१ च्या सुमारास, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे पण ख्रिस्त सापडलेला नाही, अशी जाणीव त्यांना झाली. १९०७ च्या आत्मनिवेदनात त्यांनी ती निःसंकोचपणे नमूद केली आहे. त्या वेळी त्यांच्या जमेची बाजू केवढी होती! कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेली पदवी, अमेरिकेतील कीर्ती, १८८९ मध्ये मुंबईस सुरू केलेले शारदा सदन, विधवांच्या उद्धारासाठी घेतलेले अपार कष्ट. यांतील एकही गोष्ट खोटी नव्हती. परूश्याचीही यादी खोटी नव्हती. आपली श्रद्धा केवळ बुद्धीची आहे, तीत जीव नाही, आणि आपण स्वतःच तारणाच्या गरजेत असलेल्या पापी आहोत, असे त्यांना दिसून आले. म्हणजे जेथे इतरांनी बोट ठेवले होते तेथे त्यांना दोष सापडला नाही. ज्या ठिकाणी कोणी बोट ठेवले नसते तेथे तो सापडला.

या जाणिवेस ज्या पुस्तकाचा हातभार लागला ते विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त होय. कॉर्नवॉलमधील बाल्डू येथील हे धर्मगुरू आचारनिष्ठ आणि चर्चचे कट्टर अभिमानी होते. त्यांचा माळी आजारी पडला व त्याने आत्मिक साहाय्यासाठी दुसऱ्यालाच बोलावले, याचा त्यांना विषाद वाटला. रॉबर्ट एटकेन या धर्मगुरूंनी तर, मी आजारी पडलो तर तुम्हाला बोलावणार नाही, कारण तुमचेच परिवर्तन झालेले नाही, असे तोंडावर सांगितले. पुढे १८५१ मधील एका रविवारी, प्रकृती बरी नसतानाही, ख्रिस्ताविषयी परूश्यांना विचारलेल्या प्रश्नावर ते बोलू लागले. परूश्यांना ख्रिस्त कसा ओळखता आला नाही हे समजावून देता देता, आपणही त्यांच्याहून बरे नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. श्रोत्यांतील एकाने उठून धर्मगुरूंचे परिवर्तन झाल्याची आरोळी ठोकली. स्वतःच्याच प्रवचनाने धर्मोपदेशक बदलल्याचे असे उदाहरण विरळाच.

१९०५ मध्ये केडगावच्या मुक्तिसदनात मुलींनी मोठ्याने आक्रोश करून आपापल्या पापांची कबुली दिली व ती वार्ता दूरवर पसरली. अशा प्रसंगी अश्रूंचाच अभिमान वाटू लागणे अशक्य नसते. जकातदाराची प्रार्थना पाठ करून तिच्या बळावर परूशी होता येते. रमाबाईंनी या जागृतीचे समर्थन केले. परंतु पवित्र आत्म्याची आवश्यक खूण कोणती, याविषयी लिहिताना त्यांनी आक्रोशाचे अथवा अगम्य भाषांचे नव्हे, तर प्रेमाचे नाव घेतले. जक्कयाच्या चौपट भरपाईशी याचे नाते जवळचे आहे.

शाकाहार मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.